तान्हं कवर म्हणायचं?

"तान्हा म्हंजे काय वस्ताद? सांगा की! ह्या समद्यांम्होरं सांगा!"

जोतिराम तालमीत, कुस्तीच्या हौद्याच्या मधोमध हुबा. अंगाला तांबडी माती आन डोळं त्याहून तांबडं. नाकपुड्या बैलागत फुललेल्या.

कासम वस्ताद भिताडाला टेकून बसलेलं. बशीतल्या च्याला फुंकर मारली. एक घोट घेतला...

मग दुसरा.

राग येणार न्हाई तर काय हुईल! परवा बिरोबाची जत्रा. मैदानातली शेवटची, मोठी कुस्ती जोतिरामची पायजे म्हणून पंच सकाळीच तालमीत आलेलं. समोर घाटावरचा गजाबा. असली कुस्ती मिळावी म्हणून पैलवान जल्मभर मातीत लोळतो. पर तालमीचा रिवाज असा की वस्तादानं हो म्हटल्याबिगर नाव द्यायचं न्हाई.

आन वस्ताद पंचांना काय बोललं? "ह्यो अजून तान्हा व्हायचाय. सांजच्याला कळवतो."

पंच तोंडाला उपरणं लावून हसत गेलं.

"तान्हा!" जोतिरामनं मांडीवर थाप हाणली. "म्हशीएवढा गडी उचलून आपटतो मी. आन मी तान्हा?"

"न्हाईस," वस्ताद म्हणालं. "तेच तर बोललो. तू न्हाईस."

जोतिराम गपकन थांबला. हे काय भलतंच!

"म्हंजे?"

"तूच सांग की. तान्हं कुणाला म्हणायचं?"

"हे काय इच्यारायचं झालं? दूध पितंय ते."

"दूध तू बी पितोस. म्हस दमली तुझ्यापायी."

गडी खिदळलं. जोतिरामचं कान तापलं.

"दात न्हाईत ते!"

वस्तादांनी आ करून दावला. आत नुसता मोकळा माळ. "मग मी?"

एकाला हसून हसून ठसका लागला.

"चेष्टा बास झाली वस्ताद!"

"चेष्टा न्हाई गड्या. तुझ्या थोरल्या भावाच्या घरात पोर हाय न्हवं? त्याला काय म्हणता?"

"पाळण्यात हुतं तवर तान्हं म्हणायचो. आता न्हाई म्हणत."

"का?"

"रांगतंय की आता."

"त्याच्या आदी?"

"त्याच्या आदी... पालथं पडाय लागलं हुतं."

"त्याच्याबी आदी?"

"त्याच्या आदी काय! उताणं पडलेलं असायचं दिसभर."

"उताणं पडून करायचं काय?"

"हातपाय झाडायचं. आढ्याकडं बघून हसायचं."

"लाज वाटायची त्याला?"

"लाज कशाची? त्याला काय कळतंय!"

वस्तादांनी बशी खाली ठेवली. उठलं. गुडघं वाजलं. लुंगी खोचली, हौद्याची माती कपाळाला लावली, आत उतरलं...

आन भर हौद्यात पाठीवर झोपलं.

गड्यांचं हसू जागच्या जागी वाळलं. कासम वस्तादाची पाठ! कुणा माईच्या लालाला ती पाठ मातीला लावाय जमलं नव्हतं. हिकडच्या गावागावांत तिची गोष्ट सांगत्यात. आन म्हातारा आपल्या पायानं जाऊन उताणा! वर हातपाय झाडतोय, आढ्याकडं बघून हसतोय.

"वस्ताद! उठा! आवो, कुणी बघंल!" जोतिरामला दरदरून घाम फुटला. लाज वस्तादाला वाटायची सोडून ह्यालाच वाटाय लागली.

"ये की. कर चितपट."

"कसं करू? पडलायसा की आदीच!"

"मग भ्या कुणाचं?"

...

जोतिरामला बोलणं लागलं. कुठं लागलं ते बी कळलं. गेल्या मैदानात पाठ टेकाय आली, तवा ह्यानं सगळं अंग मानंवर तोललं. मान कडाकडा वाजली. कुस्ती बरोबरीत सुटली, पर डागदरनं बजावलं, परत असं केलंस तर मान मोडंल आन जल्मभर खाटंवर पडशील. ह्यो मात्र मिशीला पीळ देऊन गावभर सांगत फिरला, मान मोडंल पर पाठ लागणार न्हाई.

वस्तादांनी ते ऐकलं हुतं. तवापासनं त्याला एकाबी मैदानाला सोडलं नव्हतं.

"हात दे. उठतो," वस्ताद म्हणालं.

जोतिरामनं वाकून हात दिला. म्हाताऱ्यानं तो वढला, पायाची कैची घातली, आन काय झालं ते कळायच्या आत... धप्प!

जोतिराम उताणा.

न्हाई, पुरता उताणा न्हाई. मान ताठली, टाचा मातीत रुतल्या, पाठ कमानीगत वर. दात करकरलं. गळ्याच्या शिरा दोरखंडागत तटतटल्या. गडी पुढं धावलं, तसं वस्तादांनी पडल्या जागेवरनंच हात वर केला. कुणी हाललं न्हाई.

"सोड," वस्ताद म्हणालं. पोराला निजवताना बोलत्यात तसं. "सोड रं बाळा. कुस्ती न्हाई चालू."

...

"सोड."

...

पाठ मातीला लागली.

माती गार हुती. एवढी वर्सं त्या मातीत घाम गाळला, पर ती पाठीला कशी लागती ते ह्या गड्याला आज कळलं. कौलातनं उनाची तिरीप खाली आलेली. वाशावर एक चिमणी घरटं करत हुती. तिच्या चोचीतली काडी सुटली आन गिरक्या घेत घेत सरळ जोतिरामच्या नाकावर!

आन ह्यो हसाय लागला! आदी नाकातनं, मग पोटातनं. हातपाय आपटून आपटून हसला, हौद्यात धुरळा उडाला. गडी एकमेकांच्या तोंडाकडं बघाय लागलं. ह्याला असं हसताना कुणी बघितलंच नव्हतं.

"वस्ताद!" त्याला धाप लागलेली. डोळ्यातनं पाणी चाललेलं, ते बी पुसायचं भान न्हाई. "वस्ताद, मग... देऊ नाव? सांगू पंचांना?"

वस्ताद शेजारीच उताणं पडलेलं. वरच बघत म्हणालं,

"सांग. पर आदी घरला जा. आईला म्हणावं, पोरगं झालं."