तीस श्वासांचे मौन

मार्गशीर्ष वद्य तृतीया. पहाटे धुके, दुपारी कोरडा वारा, सायंकाळी थंडी.

एका राज्यात मेघवर्मा नावाचा राजा होता, आणि त्याच्या राज्यातली मुले बोलत नव्हती. मुकी नव्हती, एकेक शब्द बोलत. पाणी म्हणत, आई म्हणत, चेंडू म्हणत. पण एका शब्दाला दुसरा जोडू गेली की ओठ थांबत. कारण असे, की राजाने डोंगरातल्या धूम्राक्ष जादूगाराच्या गुहेतून एक पेटी उचलून आणली होती, सोने असेल म्हणून. राणी हेमावतीने महिन्याची केतकी कुशीत घेऊन पेटीचे झाकण उघडले. आत काही नव्हते. उघडताक्षणी राणीची पावले दगडाची झाली, आणि धुरातून धूम्राक्ष बोलला, "वर्षाला एक वीत दगड चढेल. हिच्या लेकराने स्वतःचे वाक्य हिच्यासमोर बोलावे. कुणी पढवलेले नको, कुणी पुरवलेले नको. बोलली की शाप उतरेल, हिचा आणि सगळ्या मुलांचा." मग धूर विरला.

येत्या माघी पौर्णिमेला सहावी वीत पुरी होणार होती, आणि सहावी वीत राणीच्या ओठांवर येत होती. ती अंगणात जिथे उभी होती तिथेच उभी होती. वर छप्पर घातले होते. तिला भूक लागत नसे, झोप येत नसे. हनुवटीच्या वर ती जिवंत होती, आणि बोलत होती.

केतकीला आधी नऊ पोपटांनी शिकवले. पोपटांनी सात वाक्ये पाठ करून घेतली. पाठ केलेले मात्र न अडता निघे. तहान लागली की पोर म्हणे, "महाराजांचा विजय असो." दगड तसूभर हलला नाही. मग पंडित आले आणि गेले. दोन वर्षांपूर्वी निळोपंत पंतोजी आले. वय पन्नास, गुडघे दुखरे. दोन वर्षे बोलून बोलून त्यांचा घसा बसला होता.

त्या दिवशी राजाने त्यांना बोलावले.

"पंतोजी, किती दिवस उरले?"

"सत्तावन्न, महाराज."

"जमेल?"

"माझ्याच्याने जमले असते तर आतापावेतो जमले असते. सीमेवरच्या उंबरावर एक जाणती साळुंकी राहते म्हणतात. तिला विचारून येतो."

"जा. आणि नाही जमले तर शिक्षेची भीती धरू नका. पेटी मी आणली होती."

निळोपंत चार दिवस चालले. उंबर जुना होता, साळुंकी त्याहून जुनी. तिचा एक डोळा पिवळा होता, एक पांढरा झाला होता.

"ये पंतोजी," ती म्हणाली. "दमलास. चालून दमलास की बोलून?"

"दोन्हींनी."

"मूल शब्दापाशी अडले की तू काय करतोस?"

"सांगतो."

"किती वेळाने?"

"लगेच."

"मग घसा तुझाच बसणार," साळुंकी म्हणाली. "पोरीचा कसा बसेल? तिने तो वापरलाच नाही. ऐक. कामे तीन. पहिले, शंभर वस्तूंची नावे तिची झाली पाहिजेत. नाव सांगायचे ते वस्तू तिच्या हातात असताना. दुसरे, चाळीस कामांचे शब्द. तिने केल्यावाचून सांगायचा नाही. शब्द तिचा झाला की त्याचा पक्षी होईल आणि कौलांवर बसेल. वस्तूचा पिवळा, कामाचा तांबडा. मोजायला सोपे."

"आणि तिसरे?"

"ही दोन झाली की ये."

"पुन्हा चार दिवस?"

"जाऊन येऊन आठ," साळुंकी म्हणाली. "तिसरे आता सांगितले तर तू आधी तेच करशील, आणि पोरीच्या तोंडात शब्दच नसतील."

निळोपंत परतले ते एकादशीला. दुसऱ्या दिवसापासून राजवाड्यातले सामान अंगणात येऊ लागले. दासी कोंडाईने चाळणी आणली, सूप आणले, रवी आणली, दाराची मोडकी कडी आणली. केतकीने पीठ चाळले, निम्मे सांडले, तोंड पांढरे करून घेतले आणि म्हणाली, "चाळणी." कौलावर पिवळा पक्षी येऊन बसला. तो चिमणीएवढा होता आणि ओरडत नव्हता.

"पंतोजी, आज स्वयंपाकघरात पळी उरली नाही," कोंडाई म्हणाली. "आमटी वाढायची कशाने? पक्ष्याने?"

"वाटीने वाढ."

"वाटी कालच तुम्ही नेलीत."

शंभरावा पक्षी पौष शुद्ध षष्ठीला बसला. मग कामे सुरू झाली. केतकीने खुर्ची ढकलली, दोरी ओढली, ताक गाळले, गाठ सोडली, मुळा उपटला, पायातला काटा काढला. घसरणे हा शब्द उताराशिवाय कळत नव्हता, म्हणून निळोपंत स्वतः बागेतल्या उतारावरून घसरले. उठायला त्यांना कोंडाईचा हात लागला. केतकी हसली, मग घसरली. तांबडा पक्षी आला. पौष वद्य पंचमीला सकाळी चाळीस भरले.

कौलांवर एकशे चाळीस पक्षी होते. प्रत्येक आपापल्या कौलावर, दुसऱ्यापासून हातभर लांब. पोर मात्र अजून एकेक शब्दच बोलत होती.

निळोपंतांनी काठी घेतली आणि पुन्हा चालू लागले.

"तिसरे काम सांग," ते उंबराखाली बसत म्हणाले. बसताना त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले.

"पोर बोलू लागली की कुणी तिचे पुरे करायचे नाही. हवे ते हातात आणून द्यायचे नाही. तीस श्वास थांबायचे. तीस झाल्यावर द्या हवे ते, उपाशी मारायला नाही सांगत."

"एवढेच?"

साळुंकीने पांढरा डोळा मिटला. "तिचे बोलणे सगळ्यांत जास्त कोण पुरे करते, पंतोजी?"

निळोपंतांना ते ठाऊक होते. गेली दोन वर्षे ते रोज ऐकत होते. केतकी "पा" म्हणाली की छपराखालून आवाज येई, "पाणी हवे का माझ्या बाळाला? कोंडाई, पाणी आण गं." केतकीने बोट दाखवले की तो आवाज म्हणे, "फूल पडले, होय ना?" ते काठी टेकत उठले आणि परतीच्या वाटेला लागले.

पौष वद्य त्रयोदशीला, आभाळ भरून आले होते पण पाऊस नव्हता, तेव्हा ते राणीपुढे उभे राहिले. दगड आता खालच्या ओठाच्या बोटभर खाली होता.

सगळे ऐकून घेतल्यावर राणी म्हणाली, "पंतोजी, मला हात नाहीत. ते दगड झाले तेव्हापासून तिला उचलले नाही, तिची वेणी घातली नाही. माझ्याजवळ आवाज उरला आहे. तोही मागता?"

"सगळा नाही, राणीसरकार. गोष्ट सांगा, गाणे म्हणा. ती बोलू लागली की तेवढे तीस श्वास."

"आणि माझे उरलेत पंधरा दिवस."

"सतरा."

राणी हसली. "तुम्ही मोजण्यात कधी चुकत नाही."

"चुकलो, राणीसरकार. दोन वर्षे मीही तिच्या आधी बोललो."

राणीने समोर पाहिले. मान वळवता येत नसल्याने ती नेहमी समोरच पाही. मग म्हणाली, "थांबते."

पहिल्या दिवशी केतकी "दूध" म्हणाली आणि वाट पाहू लागली. कोंडाई भांडे घेऊन उभी राहिली. निळोपंत बोटांच्या पेरांवर श्वास मोजत होते. पोरीने आईकडे पाहिले. आईने ओठ मिटले. पोरीने जमिनीवर लोळण घेतली आणि तीस श्वास रडली. मग दूध मिळाले. दुसऱ्या दिवशी तसेच. तिसऱ्या दिवशी तसेच.

"सावत्र आयासुद्धा बऱ्या," कोंडाई पुटपुटली.

"मोज," निळोपंत म्हणाले.

पाचव्या दिवशी चेंडू आडाजवळ गेला. केतकी म्हणाली, "चेंडू." आडाकडे पाहिले, आईकडे पाहिले, ओठ हलले, पुढचा शब्द येईना, डोळे भरले. एकोणीस श्वास झाले होते. राणीच्या तोंडून निघून गेले, "चेंडू आडात पडेल म्हणून घाबरलीस का गं सोन्या?"

कौलांवरून अकरा पक्षी उडाले आणि पुन्हा दिसले नाहीत. पोर खेळायला निघून गेली.

निळोपंतांनी पुन्हा रवी मागवली, कडी मागवली, मुळ्याच्या वाफ्यापाशी बसले. ते अकरा शब्द परत मिळवायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत राणी गाणेसुद्धा म्हणाली नाही.

दहाव्या दिवशी केतकी म्हणाली, "दूध." आणि सव्वीस श्वासांनी, "कोंडाई." कौलांवर दोन पक्षी सरकून एकमेकांना चिकटून बसले. कोंडाईने भांडे खाली ठेवले आणि पदराने तोंड पुसले. ते वाक्य नव्हते. दगड खाली आला नाही. मग चार दिवस दोन शब्दांपुढे काही गेले नाही. निळोपंत भिंतीला टेकून मोजत आणि मधेच त्यांचे डोळे मिटत. दगड खालच्या ओठाच्या कडेला लागला होता. राणीला बोलताना आता जड जाई.

माघ शुद्ध त्रयोदशी. ऊन होते, वारा पडला होता. दुपारी राजा अंगणात येऊन उभा होता. केतकी आईच्या पुढ्यात खडे रचत होती. राणीच्या दगडी खांद्यावरून एक तांबडी मुंगी मानेवर आली, हनुवटी ओलांडून गालावर चढली. तिथे कातडी जिवंत होती. मुंगी चावली. राणीचा गाल थरथरला.

राजा पुढे झाला. निळोपंतांनी त्याच्या छातीवर हात ठेवला. पंतोजीने राजाला अडवण्याची त्या राज्यात रीत नव्हती, पण राजा थांबला.

केतकीने वर पाहिले. "मुंगी."

एक श्वास. दोन. मुंगी डोळ्याकडे निघाली होती. राणीने फुंकर मारली असती, हाक मारली असती, तर तिला कुणी दोष दिला नसता. तिने पोरीकडे पाहिले आणि तोंड मिटून ठेवले.

नऊ. दहा. "आई," केतकी म्हणाली. कौलांवर दोन पक्षी जवळ सरकले.

सतरा. मुंगी पुन्हा चावली. राणीच्या डोळ्यांतून पाणी आले. कोंडाईने पाठ फिरवली. एकवीस. निळोपंत पेरांवर मोजत होते. पुढचा शब्द त्यांच्या जिभेवर तयार होता. त्यांनी तो गिळला. चोवीस. तांबडे पक्षी कौलांच्या कडेला येऊन खाली पाहू लागले. सव्वीस.

केतकी उठून उभी राहिली. तिने खडे टाकून दिले.

"मुंगी आईच्या डोळ्यात चालली," ती म्हणाली. आणि थांबून म्हणाली, "मी काढते."

ती आईच्या अंगाला धरून दगडी हाताच्या कोपरावर चढली आणि चिमटीत धरून मुंगी काढली. कोपर तिच्या पायाखाली मऊ झाले. दगड हनुवटीवरून उतरला, छातीवरून उतरला, गुडघ्यांवरून उतरला, आणि पावलांखालून पाण्यासारखा वाहून आडाच्या मोरीत गेला. पोर पडू लागली तेव्हा राणीने तिला दोन्ही हातांनी धरले.

कौलांवर पक्षी ओळींनी बसले होते, दोन-दोन, तीन-तीन, एक ओळ चार पक्ष्यांची. ते तिन्हीसांजेपर्यंत तसेच बसले आणि मग उडून गेले.

त्या दिवशी राणी हेमावती अंगणात सत्तावीस पावले चालली आणि बसली. राज्यात दोन वर्षांवरची चारशे बारा मुले होती. सूर्यास्तापर्यंत चारशे नऊ मुले आपापले वाक्य बोलली, उरलेली तीन त्या वेळी झोपली होती, ती दुसऱ्या दिवशी न्याहारीला बोलली. राजा मेघवर्माने पेटी स्वतः डोक्यावर घेऊन डोंगरातल्या गुहेत परत ठेवली. निळोपंत पंतोजी पौर्णिमेपर्यंत झोपले, आणि प्रतिपदेला सकाळी अंगणात आले.