पाठीशी पोस्टकार्ड

"…पण मैदानावर पडत नाही, मग रस्त्यावरच का पडतो, ते सांगा की."

रणधीर सूर्यवंशी कोपरावरची माती झटकत विचारत होता.

उस्तादांनी पंक्चरच्या घमेल्यात ट्यूब बुडवली आणि बुडबुडे कुठून येतात ते बघत बसले.

तासगावच्या नाक्यावर इलाही उस्तादांचं सायकलचं दुकान. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, एक स्टूल, आणि भिंतीला टेकवलेली ती आडवी सायकल. उस्तादांनी ती स्वतः जोडलेली. तिला नेहमीची सीट नाही. खाटेला विणतात तशी नवारीची पाठ, तिच्यावर रेलायचं आणि पाय पुढं पसरून पायडल मारायचं. मागं उंच काठीला एक लाल फडकं.

उस्तादांचे गुडघे गेले, तेव्हापासून ती भिंतीलाच होती.

रणधीर म्हणजे असा तसा गडी नव्हे. सव्वीस वर्षं शर्यतीची सायकल. घाट चढताना मागं वळून बघायचा नाही, कारण मागं कुणी जवळ नसायचंच. घरात कपाटभर ढाली. मग मणका सरकला आणि डॉक्टर म्हणाले, वाकून सायकल चालवणं बंद.

"बंद म्हणजे किती दिवस?"

"बंद म्हणजे बंद."

त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही. सायकल सुटली तर मागं उरणारा रणधीर कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्याची त्याला भीती वाटत होती. कुणीतरी उस्तादांचं नाव सांगितलं.

शाळेच्या मैदानावर तो दोन दिवसांत शिकला. रस्त्यावर आला आणि पहिल्याच ट्रकला रस्त्याकडेच्या चारीत गेला.

"उस्ताद, मी विचारतोय."

"ऐकतोय मी."

उस्तादांनी हात पुसले. फळीवरून एक पोस्टकार्ड काढलं, दोन ओळी खरडल्या. रणधीरला सायकलवर रेलायला लावलं आणि ते कार्ड त्याची पाठ आणि नवार यांच्या मधे सरकवलं.

"मणेराजुरीत माझी बहीण हाय, रशिदा. हे तिला द्यायचं. ती उलट कार्ड देईल, ते असंच पाठीशी धरून मला आणून द्यायचं. दोन्ही पोचली की सायकल तुमची."

"आणि नाही पोचली तर?"

"तर भिंतीची."

"फोन करा की तिला."

"फोनवर आमची भांडणं होत्यात. कार्डावर होत न्हाईत."

"मग खिशात ठेवतो."

"खिसा काय शिकणार?"

रणधीरनं मान मागं वळवून फडक्याकडं पाहिलं.

"हे तरी काढा. लग्नाची गाडी वाटतीय."

"ट्रकवाल्याला तुम्ही दिसत न्हाई, रणधीरराव. फडकं दिसतं."

हे त्याला लागलं. पण तो निघाला.

मणेराजुरीत पोचला तेव्हा पाठीशी काही नव्हतं.

दुपारी बेदाण्याचा टेम्पो नाक्यावर थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतूनच हात बाहेर काढला. "उस्ताद, तुमचं नाव हाय यावर. ओढ्याच्या पुलावर पडलं हुतं."

उस्तादांनी कार्ड घेतलं आणि रणधीरकडं पाहिलं.

"कोण हुतं तिथं?"

"ट्रक. अगदी कानाला घासून गेला. दचकून उठलो, हँडल ओढलं गेलं…"

"हं."

उभ्या सायकलवाल्याची ही सवयच. जीव घाबरला की अंग वर उचलायचं, खांदे ताठ करायचे, उंच व्हायचं. उभ्या सायकलवर त्यानं तोल सावरतो. आडवीवर पाठ सुटली की सगळा भार हातांवर येतो आणि पुढचं चाक भरकटतं. रणधीरच्या डोक्याला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. पाठीला अजून कळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी नवं कार्ड. पुलावर ट्रक आला, तो रेलूनच राहिला. पुढं द्राक्षाच्या मळ्यातून कुत्रं धावून आलं. आडव्या सायकलवर कुत्र्याचं तोंड थेट आपल्या तोंडासमोर येतं, हे ज्याच्यावर आलंय त्यालाच ठाऊक.

कार्ड एका शेळ्या राखणाऱ्या बाईनं आणून दिलं. एका कोपऱ्यावर शेळीनं दात उमटवले होते.

"कोण हुतं तिथं?"

"कुत्रं."

"हं."

तिसऱ्या दिवशी रणधीर परतला तो फणकाऱ्यातच.

"आज नाही पडलो. ट्रक गेला, कुत्रं आलं, जागचा हललो नाही. तरी रशिदाआपांच्या दारात जाऊन बघतो तर कार्ड नाही. तुमची नवार सैल झालीय, उस्ताद."

उस्तादांनी नवार अंगठ्यानं दाबून बघितली. चांगली ताठ होती. अंगण वाकडं असल्याची ही तक्रार त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि चहा सांगितला.

चहा झाला, कप परत गेले. मग मणेराजुरीच्या वाटेवरल्या वळणावरचा टपरीवाला आला, हातात कार्ड. त्याच्या टपरीवर रोज सकाळी सायकलवाली मंडळी थांबतात. सव्वीस वर्षं तिथल्या बाकाची कडेची जागा रणधीरची होती.

टपरीवाला गेला. उस्तादांनी कार्ड फळीवर ठेवलं.

"ट्रक नव्हता," रणधीर आपणहून म्हणाला.

"हं."

"कुत्रंही नव्हतं."

"हं."

"…मंडळी होती. म्हणाली, काय रणधीर, पाय पुढं करून निघालास? खांदेकरी कुठायत? हसली सगळी. मी जरा उठलो, हात केला. एवढंच."

"किती उठलात?"

रणधीरनं चार बोटं दाखवली.

"ट्रकला वीतभर उठला हुता," उस्ताद म्हणाले. "सुधारणा हाय."

रणधीरला हसू आलं नाही. त्याला लाज वाटली. ती कुणावर काढावी ते सुचेना, म्हणून तो तशीच घेऊन घरी गेला.

चौथ्या दिवशी तो रेलला, कार्ड पाठीशी घेतलं, निघाला.

पुलावर ट्रक आला आणि गेला. कुत्रं थोडं पळालं आणि कंटाळून मागं राहिलं. वळणावर मंडळी होतीच. रणधीरला खालून त्यांच्या बुटांचे तळवे दिसले, बाकाखाली चिकटवलेलं च्युइंगम दिसलं. इतकी वर्षं तो त्याच बाकावर बसत होता.

"निघाला काय रं?" कुणीतरी विचारलं.

"निघालो," तो रेलूनच म्हणाला.

कुणी हसलं की नाही, ते त्यानं पाहिलं नाही.

रशिदाआपा दारात मिरच्या निवडत होत्या. कार्ड घेतलं, डोळ्यांपासून लांब धरून वाचलं.

"गुडघा दुखतोय, एवढंच लिवलंय. आन् यासाठी चार दिवस?"

"चुकी माझी होती, आपा."

त्यांनी त्याला पाणी दिलं. आतून एक कार्ड आणलं, दोन ओळी लिहिल्या, आणि तो रेलल्यावर स्वतःच्या हातानं पाठीशी सरकवलं. भावाची खोड त्यांना ठाऊक असावी.

परतीची वाट सोपी गेली. वळण गेलं, मळा गेला, पूल गेला. पाठ नवारीला चिकटल्यासारखी होती आणि कार्डाची कड त्याला सदऱ्यातून टोचत होती. ते टोचणं त्याला आवडत होतं.

मग नाका दिसला. शेडाच्या सावलीत, रस्त्याकडं तोंड करून, स्टुलावर उस्ताद.

रणधीरला भरून आलं. डॉक्टरकडून आल्यापासून इतकं बरं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. त्यानं हात वर केला आणि ओरडून सांगितलं, "पोचलं, उस्ताद."

पाठीमागं काहीतरी फडफडलं.

सायकल डुलली, पण पडली नाही. तो थांबला, उतरला, मागं गेला. कार्ड डांबरावर पालथं पडलं होतं. ते उचलून तो उस्तादांसमोर येऊन उभा राहिला.

"दहा पावलं राहिली होती."

"ट्रक हुता?"

"नाही."

"कुत्रं?"

"नाही."

"मंडळी?"

"ती इकडं कशाला येतील…"

"मग कोण हुतं?"

रणधीरनं हातातल्या कार्डाकडं पाहिलं. नाक्यावर एक एसटी येऊन थांबली, माणसं उतरली, चढली, एसटी गेली.

"तुम्ही होतात, उस्ताद."

उस्ताद गुडघ्यांवर हात देऊन उठले. कार्ड घेतलं, वाचलं नाही. रणधीरला सायकलवर रेलायला लावलं आणि ते पुन्हा त्याच्या पाठीशी सरकवलं.

"पुलापर्यंत जाऊन वळू?" रणधीरनं विचारलं.

उस्तादांनी होकारार्थी मान डोलावली. स्टुलाकडं गेले. स्टूल उचललं, फिरवलं, आणि रस्त्याकडं पाठ करून, जिथं सायकल टेकलेली असायची त्या रिकाम्या भिंतीसमोर बसले.

"आता या."