लिंबाच्या रसातलं वलय

“म्हणजे विरघळवायला द्रावक अजिबात लागलं नाही?” रेगेबाईंनी विचारलं.

“थेंबभरसुद्धा नाही,” शार्दूल म्हणाला. “तीन पदार्थ खलात घेतले, लिंबाचा रस घातला आणि घोटले. आच नाही, वाफा नाहीत. वलय जुळलं.”

रेगेबाईंनी हयातभर रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर त्या खाडीकाठच्या या वस्तीत एकट्या राहत. शार्दूल त्यांच्या शेवटच्या वर्गातला. विषमचक्रीय संयुगं, म्हणजे कार्बनच्या वलयात नायट्रोजनसारखा एखादा परका अणू असलेली संयुगं, निसर्गाला न दुखावता कशी बनवायची, यावर त्याचा प्रबंध होता. परवा तोंडी परीक्षा होती.

“तुमच्या पिढीनं जे पिरिडीनसारख्या जहाल द्रावकात उकळून केलं, बाई, ते मी लिंबावर केलं.”

“छान केलंस.”

तो खुलला. खिशातून त्याने एक कुपी काढली. आत पिवळसर स्फटिक होते. बाईंनी कुपी उजेडात धरली.

“इतके स्वच्छ कसे रे?”

“कॉलम लावला. काचेच्या नळीत सिलिका भरली, त्यातून गाळून घेतलं.”

“वरून काय ओतलंस?”

“...हेक्झेन. इथाइल ॲसिटेट. द्रावकंच.”

“किती?”

“बरंच.”

“प्रबंधात लिहिलंयस?”

“वलय जुळलं की पद्धत संपते, बाई. शुद्धीकरण त्यात धरत नाहीत.”

बाई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत.

“मग ते सगळं गेलं कुठे?”

“कॅनमध्ये. कॅन भरले की गाडी येऊन घेऊन जाते.”

“कुठे?”

हे शार्दूलने कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

बाई उठल्या. पायांत चपला सरकवल्या.

“चल.”

वाटेवरच्या घरांना कुलपं होती. एका अंगणात तुळस वाळून गेली होती. खाडीवर होड्या पालथ्या पडल्या होत्या. थेट पाण्यापर्यंत गाडीच्या चाकांचे ताजे वळ उमटले होते.

शार्दूलने नाकाला रुमाल लावला.

“इथली माणसं कुठे गेली, बाई?”

“जमेल तिकडे. या वासानं डोकी दुखायची त्यांची. पोरं जेवायची नाहीत.”

“आणि तुम्ही?”

“मला वास जाणवायचाच नाही. पिरिडीननं माझं नाक नेलं, तेव्हा मी तुझ्याएवढी होते.”

...

पाण्यावर पांढरा फेस हलत होता.

“बाई...” शार्दूलचा आवाज उतरला होता. “परवा तिथे उभा राहून मी काय सांगू?”

बाईंनी त्याचा रुमालाचा हात हळूच खाली घेतला.

“आधी मला सांग, वास कसा येतोय. विचारायला इथे कुणी उरलेलं नाही.”