वाकड्या नळीचा आळ

एका डोंगरी राज्यात एक शिलेदार होता. दिसायला रुबाबदार आणि बोलायला त्याहून रुबाबदार. तलवारीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण पिस्तूल हाती आलं की काय व्हायचं कोण जाणे, गोळी दर वेळी निशाणाच्या खाली आणि जराशी डावीकडे जायची.

त्या राज्यात दसऱ्याला शस्त्रांची पूजा झाली की माळावर नेमबाजी चाले. तीस पावलांवर मडकं टांगायचं आणि राजासमोर तीन बार काढायचे. तिथे एक कायदाही होता, तो सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. खोट असलेलं हत्यार घडवणाऱ्या कारागिराचा उजवा अंगठा तोडायचा. असला कसला कायदा, असं तेव्हा कोणाच्याच मनात आलं नाही.

एका दसऱ्याला शिलेदाराचे तिन्ही बार चुकले. तो राजाला म्हणाला, "महाराज, माझा नेम बिनचूक आहे. या पिस्तुलाची नळीच वाकडी आहे." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. पण शिलेदार पडला मोठा माणूस आणि पिस्तूल घडवणारा म्हातारा साधा कारागीर. नळी कोणी डोळ्याला लावून पाहिलीसुद्धा नाही. म्हाताऱ्याचा अंगठा गेला.

पुढे त्याची भट्टी त्याच्या लेकीने चालवली. बाप शेजारी बसून सांगायचा, लेक हाताने करायची. शिलेदाराचं नवं पिस्तूल तिनेच घडवलं. वर्ष सरलं, दसरा आला. पुन्हा तीन बार झाले आणि पुन्हा तिन्ही गोळ्या खाली, डावीकडे गेल्या.

"याचीही नळी वाकडी," शिलेदार म्हणाला. "जसा बाप तशी लेक."

शिपाई सुरा घेऊन निघाला. म्हातारा गर्दीतून धडपडत पुढे आला. लेक राजाला म्हणाली, "महाराज, माझा अंगठा कुठे पळून जात नाही. आधी मी भरून देते तो एक बार शिलेदारांनी काढावा. तेव्हा मडक्याकडे कोणी पाहू नका. सगळ्यांनी पिस्तुलाच्या तोंडाकडे पाहा."

राजाने मान डोलावली. तिने पाठ फिरवून नळीत गज खालीवर केला आणि पिस्तूल शिलेदाराच्या हाती दिलं. शिलेदाराने छाती फुगवली, नेम धरला, चाप ओढला.

खट्.

बार उडालाच नाही. तिने आत ना दारू घातली होती, ना गोळी. पण शिलेदाराचे डोळे गच्च मिटले, खांदा दचकला आणि पिस्तुलाचं तोंड चांगलं वीतभर खाली गेलं, तेही डावीकडे. दणका बसणार या धास्तीने त्याचा हात दर वेळी आधीच दचकत होता. एरवी आवाजात आणि धुरात ते कोणाला दिसत नव्हतं, त्याचं त्यालाही नाही.

राजा जागचा उठला आणि तसाच उभा राहिला.

मग लेकीने खरा बार भरला. पिस्तूल वाळूच्या गोणीवर टेकवलं आणि हळूच चाप ओढला. मडक्याचे तुकडे झाले. एकानेही टाळी वाजवली नाही. जो तो म्हाताऱ्याच्या उजव्या हाताकडे पाहत होता.

शिलेदाराचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "आईशपथ, मला ठाऊक नव्हतं."

म्हातारा पहिल्यांदाच बोलला. "ठाऊक नव्हतं, तर मग एवढं ठासून कसं सांगितलंत?"

शिलेदाराने मान खाली घातली. राजा म्हणाला, "आणि मी न तपासता ऐकलं." तो अंगठ्याचा कायदा त्याने तिथेच मोडीत काढला.

दुसऱ्या दिवशी शिलेदार अनवाणी भट्टीवर आला आणि म्हणाला, "बाबा, मला नेम शिकवा." म्हाताऱ्याने डाव्या हाताने एक चिंचोका उचलून रिकाम्या पिस्तुलाच्या नळीवर ठेवला. "चाप असा ओढा, की हा पडता कामा नये."

पहिल्या दिवशी चिंचोका दर वेळी पडला. रस्त्यावरची पोरं खिदळायची, शिलेदार खाली वाकून चिंचोका उचलायचा आणि पुन्हा नळीवर ठेवायचा. पावसाळा उलटला तसा चिंचोका नळीवर टिकू लागला.

पुढच्या दसऱ्याला शिलेदाराने तीन बारांत तीन मडकी फोडली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो खाली उतरला, थेट म्हाताऱ्याकडे गेला आणि तो चिंचोका त्याने तळहातावर पुढे केला.

"बाबा, तुमची ठेव."

म्हाताऱ्याने सवयीने उजवा हात पुढे केला. चार बोटांच्या चिमटीत चिंचोका काही येईना. एकदा निसटला, दोनदा निसटला, तिसऱ्यांदा मातीत पडला. शिलेदार तिथेच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या कामाला खोट लावण्याआधी आपला हात दचकतो का ते पाहावं. चुकलेला नेम सरावाने सुधारतो, पण आपल्या चुकीपायी दुसऱ्याचं गेलेलं परत येत नाही.