धनेशिणीचा वाटा

आज जिथे उंबरांची दाट राई आहे, तिथे पूर्वी उघडा माळ होता, तेव्हाची ही गोष्ट. खारीने तिथे उंबराची पंचवीस रोपं लावली आणि सांगितलं, "जो पाणी घालेल, त्याचा राईत वाटा." धनेशिणीने चोचीचोचीने पाणी वाहून वाटा मिळवला.

काही वर्षांत रोपांची झाडं झाली. माघात ती अंडी घालायला माळाकडेच्या एका जुन्या झाडाच्या ढोलीत शिरली. धनेशांच्या रीतीप्रमाणे ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलं आणि घास घेण्यापुरती फट ठेवली. एवढ्यात पानगळ लागली. माकड रोज शेंड्यावरून ओरडू लागलं, "काल एका वाट्याचा भाव दहा बोरं होता, आज चारच!" सगळ्यांनी भराभर वाटे विकले. वटवाघूळ ते गुपचूप घेत राहिलं.

"अहो, भिंत फोडा! मलाही विकायचाय," धनेशीण आतून कळवळली.

"अगं, पिल्लांना पंख फुटेपर्यंत भिंत फोडायची नसते," म्हणत धनेशाने फटीतून फळ सरकवलं.

ती बाहेर आली तेव्हा राई हिरवीगार होती. तिने एकेक खोड ठोकून पाहिलं. पंचवीसच्या पंचवीस झाडं जागेवर!

"मग भाव कशाचा पडला होता?" तिने माकडाला विचारलं.

पुढे उंबरं धरली. वाट्याची फळं ती तिथेच खाई, बिया माळावर पडत, त्यांचीही झाडं होत. बघता बघता पंचवीसची पाचशे झाली.

मग एका माघात पुन्हा पानं गळू लागली आणि माकड शेंड्यावर चढलं. त्या वर्षी धनेशिणीला अंडी घालायची नव्हती. तरी ती ढोलीत शिरली.

"अहो," ती आतून म्हणाली, "चिखल आणा."