अर्धेलीचं रान

खोरशीच्या डोंगराळ संस्थानात दिवाण त्र्यंबकपंतांनी फर्मान काढलं होतं की, कुणाच्याही जमिनीत साग उगवला तरी तो सरकारचा. राखायचा मात्र मालकानं, आणि तुटला तर दंडही मालकालाच. काही वर्षांतच डोंगर बोडके झाले.

राजांनी दरबारात कारण विचारलं.

"रयत माजलीय. दंड दुप्पट करा," पंत म्हणाले.

डोंगरउतारावरच्या जमिनीची मालकीण भागाबाई ढेबे तयारीनंच आली होती. काखेतलं करडू तिनं पंतांपुढे ठेवलं. "हे तुम्ही वाढवा. पाला घाला, लांडग्यापासून राखा. मोठी होऊन व्याली की शेळी माझी. मध्येच मेली, तर दंड तुम्ही भरायचा."

"मला काय वेड लागलंय?" पंत उखडले. "असलं करडू मी दारात उभंही राहू देणार नाही."

"आम्हीही सागाचं रोप बोटभर असतानाच उपटतो," भागाबाई शांतपणे म्हणाली.

राजे हसले. "मग रान वाढायचं कसं?"

"आमच्यात शेळी अर्धेलीनं देतात, महाराज. पिल्लं निम्मी मालकाची, निम्मी सांभाळणाऱ्याची. सागही तसाच वाटून घ्या, आणि जो रान राखेल त्याचा शेतसारा माफ करा."

"आणि पहाऱ्याला शिपाई किती लागतील?" पंतांनी खोचकपणे विचारलं.

"एकही नाही. शेळी अर्धेलीची असली की लांडग्याची चाहूल घरच्या माणसालाच आधी लागते."

राजांनी तिथल्या तिथे फर्मान बदललं. दरबार उठल्यावर पंतांनी भागाबाईला दाराशी गाठलं आणि हळूच विचारलं, "ते करडू अर्धेलीनं देतेस का?"