जीपमधली जुनी बॅटरी

गाड्यांचे भाग आपसांत बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. डोंगरातल्या एका दवाखान्याच्या जीपमधली बॅटरी म्हातारी झाली होती. रोज सकाळी ती उरलासुरला जोर एकवटून स्टार्टरला फिरवायची आणि दमलेली असूनही कुणाला कळू द्यायची नाही.

"ताई, एकदा मला कण्हू दे," स्टार्टर म्हणाला. "कुमुद सिस्टर ऐकतील आणि नवी बॅटरी बसवून घेतील."

"आणि मी भंगारात जाऊ? पाच वर्षांत मी कुणाला अडवलेलं नाही."

ऐन थंडीत एका सकाळी पाड्यावरून निरोप आला, बाळंतीण अडली होती. ड्रायव्हरने चावी फिरवली. नुसतंच टक वाजलं. दोनदा, तीनदा. मग पिशवी खांद्याला अडकवून कुमुद सिस्टर पायीच डोंगर चढू लागल्या.

संध्याकाळी परतल्यावर त्या ड्रायव्हरला एवढंच म्हणाल्या, "आई वाचली. बाळ गेलं."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने बॅटरी उतरवून जमिनीवर ठेवली. शेजारच्या नव्या बॅटरीने आदराने विचारलं, "आजी, इथं किती वर्षं टिकता येतं?"

"ते मोजू नकोस," म्हातारी म्हणाली. "जोर कमी पडला, की त्याच दिवशी कळू दे."